नाव बाबासाहेबांचे, टर्मिनलमध्ये वाटा कोणाचा?

11 ऑक्टोबर 1956 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. सोबत माईसाहेब आणि नानकचंद रत्तू होते. श्याम हॉटेलात मुक्काम झाला आणि तीन दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर जगाच्या इतिहासातली ती धम्मक्रांती घडली. आज त्या नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव आहे. 2005 साली हे नाव मिळाले. 2008 साली तिथली नवी इमारत उघडली तीही 14 एप्रिलला, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशी. आंबेडकरी जनतेला याचा सार्थ अभिमान आहे, आणि असावाही.

आता ही इमारत अपुरी पडू लागली म्हणून नवे मोठे टर्मिनल, दुसरी धावपट्टी आणि मालवाहतुकीची वाढीव सोय अशी योजना आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी तिची पायाभरणी दूरदृश्य प्रणालीने केली. प्रकल्पाचा अंदाजे खर्च सुमारे 7,000 कोटी रुपये सांगण्यात आला. आम्ही विकासाचे विरोधक नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. विदर्भाला मोठा विमानतळ हवाच आहे. दीक्षाभूमीला आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला येणाऱ्या परदेशी बौद्ध उपासकांचीही त्याने सोय होईल. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या महामानवाचे नाव दारावर आहे, त्याच्या समाजाला त्या दाराच्या आत काय मिळणार? झाडू, ट्रॉली आणि ठेकेदाराचा हजेरीपट, की हक्काची नोकरी, दुकानाचा गाळा आणि कामाचे कंत्राट?

हा प्रश्न आज विचारला नाही तर पुढची तीस वर्षे विचारता येणार नाही. असे का, ते नीट समजून घ्यावे लागेल.

या विमानतळाचा कारभार 2009 पासून मिहान इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे. या कंपनीत 51 टक्के हिस्सा महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा, म्हणजे पर्यायाने राज्य सरकारचा, आणि 49 टक्के हिस्सा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राचा. थोडक्यात मालमत्ता जनतेची. पुढे विमानतळ खासगी कंपनीला चालवायला द्यायचे ठरले. निविदा निघाली. जीएमआर कंपनीने एकूण उत्पन्नाच्या 5.76 टक्के वाटा सरकारी कंपनीला देऊ केला. वाटाघाटीनंतर हा आकडा 14.49 टक्क्यांवर गेला. मार्च 2019 मध्ये काम त्यांना दिल्याचे पत्र निघाले आणि मार्च 2020 मध्ये ते रद्द झाले. कंपनी कोर्टात गेली. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यावर पुनर्विलोकन झाले, क्युरेटिव्ह याचिका झाली, आणि 27 सप्टेंबर 2024 रोजी तीही निकाली निघाली. त्यानंतर बारा दिवसांत पायाभरणी झाली. त्याच आठवड्यात तीस वर्षांचा सवलत करारही झाला.

वाचकांनी या घटनाक्रमातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाच वर्षे देशातले नामवंत वकील ज्या टक्केवारीवर भांडले, ती होती 5.76 आणि 14.49. सरकारला किती मिळणार आणि कंपनीला किती उरणार एवढाच तो वाद होता. या राज्यात आणखी एक टक्केवारी कायद्याने ठरलेली आहे. अनुसूचित जाती व बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना 13 टक्के, अनुसूचित जमातींना 7 टक्के, विमुक्त व भटक्या जमातींना 11 टक्के, विशेष मागास प्रवर्गाला 2 टक्के आणि इतर मागासवर्गीयांना 19 टक्के. ही बेरीज 52 होते. ही टक्केवारी या संपूर्ण वादात कुठेच नव्हती. सरकारने काढली नाही, कंपनीने काढण्याचा प्रश्नच नव्हता. आणि खेदाने म्हणावे लागते की, आमच्या नेत्यांनीही काढली नाही. आम्ही नावावर लक्ष ठेवून होतो आणि नावाखालचा कागद दुसरेच लिहीत होते.

विमानतळ सरकारी होता तेव्हा परिस्थिती काय होती? यासाठी 1979 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला माहीत असावा. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण असे त्याचे नाव. वाद साधा होता. मुंबई विमानतळावर दुसऱ्या दर्जाचे एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्याचे कंत्राट कोणाला द्यायचे, एवढाच. परंतु त्या चहा-नाश्त्याच्या कंत्राटातून न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने मोठा सिद्धांत मांडला. विमानतळ प्राधिकरण ही संविधानाच्या अनुच्छेद 12 प्रमाणे 'राज्यसंस्था' आहे, त्यामुळे समानतेचे मूलभूत हक्क तिच्यावर बंधनकारक आहेत आणि मर्जीप्रमाणे कोणालाही कंत्राट वाटण्याचा अधिकार तिला नाही, असे न्यायालयाने सांगितले. अर्जदाराला उशिरा आल्यामुळे स्वतःला लाभ मिळाला नाही, पण सिद्धांत कायम राहिला.

याचा आमच्याशी संबंध काय? विमानतळ 'राज्यसंस्था' असेल तर अनुच्छेद 16(4) तिथे पोहोचतो. भरतीत आरक्षण येते, बिंदुनामावली येते, अनुशेष मोजता येतो, अन्याय झाला तर रिट याचिका करता येते. प्राधिकरणात आमच्या समाजातले अभियंते, लेखापाल, अधिकारी दिसतात ते या दारातून आत गेलेले आहेत. विमानतळ खासगी कंपनीकडे गेला की हे दार आवाज न करता बंद होते. कोणी आरक्षण रद्द केल्याची घोषणा करत नाही. संविधानाला हात लावावा लागत नाही. फक्त मालक बदलतो. 2001 सालच्या बाल्को प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले आहे की, सरकारी कंपनी खासगी झाल्यावर कामगारांचे अनुच्छेद 14 आणि 16 चे संरक्षण जाते, एवढ्या कारणावरून खासगीकरण थांबवता येणार नाही. 2006 मध्ये दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले, तेव्हा प्राधिकरणाचे कर्मचारी संपावर उतरले होते. त्यांच्या संपाकडे आपल्या चळवळीने आपला प्रश्न म्हणून किती पाहिले, याचे उत्तर आपणच आपल्याला द्यावे.

आता कोणी म्हणेल, नोकऱ्या तर निर्माण होणारच आहेत ना? होतील. हजारोंनी होतील. पण कोणत्या, हे पाहा. काही काळापूर्वी आमच्याकडे एक तरुण आला. शिक्षण पदवीपर्यंत, वर आठ महिन्यांचा विमानसेवेचा खासगी कोर्स. त्यासाठी आईने सोन्याची पोत गहाण ठेवलेली. एका मोठ्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर तो लागला. विमानतळ एका कंपनीचा, सामानाचे काम दुसऱ्या कंपनीकडे, आणि माणसे पुरवणारा तिसराच ठेकेदार. एक दिवस ठेकेदार बदलला. जुन्या ठेकेदाराच्या नावाचा प्रवेश पास परत घेतला गेला आणि पास गेला म्हणजे गेटच्या आत पाऊल टाकता येईना. दोन महिन्यांचा पगार बाकी. आम्ही तिघांनाही नोटिसा काढल्या. तिघांचीही उत्तरे आली आणि तिन्ही उत्तरांचा अर्थ एकच होता, हा आमचा माणूस नाही. शेवटी तडजोडीत पगार मिळाला, नोकरी मिळाली नाही. आज तो दुसऱ्याच शहरात मोटारसायकलवरून जेवणाची पार्सले पोहोचवतो. त्याचा कोर्सचा दाखला अजून आमच्या फाईलमध्ये आहे.

हा एकट्याचा प्रश्न नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत मुख्य स्वरूपाच्या कामासाठी कंत्राटी कामगार ठेवायला साधारणपणे मनाई आहे. ऐकायला चांगले वाटते. परंतु मुख्य काम कोणते नाही, याचीही यादी त्यात आहे. साफसफाई, कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, ही कामे सर्वसाधारणपणे मुख्य नाहीत असे धरले आहे. म्हणजे ज्या कामांत जातिव्यवस्थेने पिढ्यान् पिढ्या आमच्या माणसाला जुंपले, तीच कामे कायमची कंत्राटी ठेवायला कायद्याने मोकळीक दिली. टर्मिनलची चकचकीत फरशी पुसणारा माणूस टर्मिनलचा कर्मचारी नसतो. तो फक्त तिथे दिसतो.

मग करायचे काय? रडत बसायचे? नाही. महाराष्ट्राच्या हातात एक कायदा आहे आणि तो वाचायची कोणाला गरज वाटलेली नाही. 2001 चा राज्य लोकसेवा आरक्षण अधिनियम, जो जानेवारी 2004 पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येच्या कलमात सरकारी कार्यालये आहेत, स्थानिक संस्था आहेत, सरकारचे भागभांडवल असलेल्या कंपन्या आहेत, आणि शासन अनुदानित संस्थाही आहेत. शासन अनुदानित म्हणजे कोण, याचा खुलासा त्याच कलमात आहे. ज्या संस्थांना किंवा उद्योगांना सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा अन्य आर्थिक सवलती दिल्या आहेत, तसेच ज्यांना शासनाची मान्यता, परवाना, देखरेख किंवा नियंत्रण आहे, त्यांचाही त्यात समावेश होतो. 'उद्योग' हा शब्द कायद्यात आहे. तो आम्ही घातलेला नाही, विधिमंडळाने घातला आहे.

पदोन्नतीतल्या आरक्षणाचा शासन निर्णय 2017 मध्ये उच्च न्यायालयाने अवैध ठरवला, हे खरे. परंतु सरळ भरतीतले आरक्षण आणि ही व्याख्या कायम आहे. वकील म्हणून आम्ही वाचकांची दिशाभूल करणार नाही. कराराचे नाव सवलत करार आहे एवढ्यावरून कंपनीला या कायद्यातली आर्थिक सवलत मिळाली, असे सिद्ध होत नाही. जमिनीत केंद्राच्या प्राधिकरणाचा संबंध आहे, म्हणून राज्याचा कायदा लागत नाही, असाही बचाव होईल. प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत जाईल. पण आमच्याही बाजूला भक्कम मुद्दे आहेत. करार करणाऱ्या कंपनीत बहुमताचा हिस्सा राज्याच्या कंपनीचा आहे. विमानतळ चालवणे हे परवान्याशिवाय आणि शासनाच्या देखरेखीशिवाय होऊच शकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, सरकारच्या मनात असेल तर कोर्टाची वाट पाहण्याची गरजच नाही. उत्पन्नाचा 14.49 टक्के वाटा जसा करारात लिहिता येतो, तशी भरतीची अट पुरवणी करारात लिहिता येते. न लिहिण्याचे कारण कायदेशीर नाही. इच्छा नाही, हे कारण आहे.

येथे गुणवत्तेचा पुकारा होईल. खासगी कंपनी पैसा घालते, तिला माणसे निवडण्याचे स्वातंत्र्य हवे, असे सांगितले जाईल. आम्ही विचारतो, कंपनी जमीन घालते का? वर्षानुवर्षे जनतेच्या पैशातून बांधलेली धावपट्टी कंपनीची आहे का? आजूबाजूच्या गावांनी दिलेली शेते कंपनीने दिली का? पैसा कंपनीचा असेल, पण पाया जनतेचा आहे. 2004 मध्ये केंद्रात आलेल्या सरकारने खासगी क्षेत्रातल्या आरक्षणावर उद्योगपतींशी चर्चेचे आश्वासन दिले होते. उद्योगपतींच्या संघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली आणि कायदा टळला. स्वेच्छेने मिळालेला न्याय किती, हे कोणत्याही विमानतळाच्या व्यवस्थापकांच्या यादीवरून नजर फिरवली तरी कळेल.

बाबासाहेबांनी स्वेच्छेवर विसंबून कधीच काम केले नाही. 1942 मध्ये व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यात नोकऱ्यांबरोबर सरकारी बांधकामाच्या कंत्राटांचाही प्रश्न होता. 1943 मध्ये केंद्राच्या सेवांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागांचा हुकूम निघाला. त्यांनी नाव मागितले नाही, आकडा मागितला, आणि तो कागदावर घेतला. आज त्यांच्या नावाच्या विमानतळाबाबत आम्ही नेमके उलटे करत आहोत.

कंत्राटांचेच पाहा. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करायची असते. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण निदान नियम आहे, जाब विचारता येतो. खासगी कंपनीने विमानतळ घेतला की तोही नियम तिला लागत नाही. नव्या टर्मिनलमध्ये उपाहारगृहे, दुकाने, टॅक्सी, पार्किंग, जाहिराती यांतून मोठे उत्पन्न निघेल. आमच्या समाजातला तरुण कर्ज काढून व्यवसायात उतरू पाहतो, त्याला त्यातला एक गाळा तरी मिळेल अशी तरतूद कुठे आहे?

आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळे उभे राहते ते? मिहान आणि विमानतळासाठी शिवणगाव, चिंचभुवन, तेल्हारा, कलकुही, खापरी, दहेगाव अशा गावांची नावे नागपूरकरांना पाठ आहेत. ते संपादन सुरू झाले तेव्हा 1894 चा भूसंपादन कायदा होता. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला मोबदला. ज्याचे सातबाऱ्यावर नाव नाही, पण ज्याची चूल त्या शेतातल्या मजुरीवर पेटत होती, त्याला काय? त्या कायद्याच्या लेखी तो माणूस नव्हताच. गावकुसाबाहेरच्या वस्तीत सातबारा किती जणांकडे असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 2013 च्या नव्या कायद्याने तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट असलेल्या शेतमजुराला आणि कुळालाही बाधित कुटुंब मानले आहे. तेव्हा विस्तारासाठी यापुढे एक एकर जरी घेतली, तरी बाधितांच्या यादीत भूमिहीनांची नावे आधी तपासा, ही मागणी कायद्याला धरूनच आहे. जुन्या संपादनात सुटलेल्या कुटुंबांच्या मुलांना नव्या टर्मिनलच्या प्रशिक्षणात आणि भरतीत पहिला हक्क द्या, हीसुद्धा.

1 जुलै 2024 चा दिवस आठवा. दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगसाठी खड्डा खणला गेला आणि समाज रस्त्यावर उतरला. काम थांबवावे लागले. तिथे चूक एकच होती. योजना बंद खोलीत झाली आणि लोकांना ती खड्डा पाहिल्यावर कळली. टर्मिनलच्या बाबतीत खड्ड्याची वाट पाहू नका. इथे नुकसान डोळ्यांना दिसणारे नसेल. इमारत सुंदर असेल, दारावर बाबासाहेबांचे नाव असेल, कदाचित आत भव्य पुतळाही असेल. पुतळ्याला हार घालायला आम्हाला बोलावतीलही. आणि भरतीची यादी मात्र दुसऱ्याच खोलीत तयार होईल.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत. पहिले, माहितीच्या अधिकारात मिहान इंडिया लिमिटेडकडे अर्ज करून सवलत कराराची प्रत मागावी. कंपनी खासगी असली तरी करार करणारी सरकारी कंपनी माहिती द्यायला बांधील आहे. दुसरे, आज विमानतळावर कायम आणि कंत्राटी मिळून प्रवर्गनिहाय किती माणसे आहेत, याचा तक्ता मागावा. आकडा हातात नसेल तर भाषण होते, खटला होत नाही. तिसरे, नागपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, लेखी विचारावे की 2004 पासून लागू असलेला कायदा या प्रकल्पाला लावण्याचा शासन निर्णय काढा, अशी मागणी तुम्ही सभागृहात करणार का? उत्तर लेखीच घ्यावे. चौथे, पर्यावरण मंजुरीच्या निमित्ताने जनसुनावणी लागली तर तिथे आवाज आणि धूर याबरोबर रोजगार आणि पुनर्वसनाचा मुद्दा लेखी नोंदवावा. सुनावणीच्या इतिवृत्तात आलेला मुद्दा पुढे कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पाचवे, विमानतळावर काम करणाऱ्या आपल्या कंत्राटी बांधवांनी पगारपत्रक, पासाची प्रत आणि पीएफ क्रमांक जपून ठेवावा आणि एकेकटे न राहता संघटित व्हावे.

ही कामे मोर्चाइतकी गाजणारी नाहीत. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो येत नाहीत. पण बाबासाहेबांची चळवळ मोर्चाने जितकी उभी राहिली, तितकीच निवेदनाने, आकड्याने आणि कलमाने उभी राहिली. नामांतरासाठी मराठवाड्यात आमच्या माणसांनी सोळा वर्षे रक्त सांडले. त्या लढ्याचा अर्थ पाटी बदलणे एवढाच नव्हता. जिथे बाबासाहेबांचे नाव, तिथे आमच्या लेकरांना मानाने प्रवेश, असा तो अर्थ होता. विद्यापीठात तो अर्थ होता, विमानतळावरही तोच आहे.

नवे टर्मिनल पूर्ण होईल त्या दिवशी नागपूरच्या एखाद्या वस्तीतली मुलगी गणवेश घालून त्या दारातून आत जाईल. ती फरशी पुसायला जाईल की अधिकारी म्हणून खुर्चीवर बसायला, हे त्या दिवशी ठरणार नाही. ते आज, कराराच्या कागदावर ठरते आहे. तो कागद मागायला आपण किती जण जाणार?

जयभीम!